खाडीचा मध्य

“इथे मला ढगात शिरता येत नाही,” लेस्टर म्हणाला. तीन दिवसांत बहुधा दहाव्यांदा.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या त्या लहान विमानतळावर काउंटरमागच्या ओदीलला ते आता पाठ झालं होतं. लेस्टरकडे खाजगी वैमानिकाचा परवाना होता. नुसत्या उपकरणांकडे बघत ढगातून विमान नेण्याची मुभाही त्याला होती, पण ती ब्रिटनच्या आकाशापुरती. फ्रान्सच्या आकाशात त्याला खालचं दिसत राहायला हवं होतं. आणि शुक्रवारपासून खालचं काहीच दिसण्यासारखं नव्हतं.

“म्हणजे इंग्लिश खाडीच्या मध्यावर पोचलात की तुम्ही एकदम हुशार होता, मस्यू?”

“कायदा आहे, मादाम. मी नाही केलेला. हेच ढग तिकडे असते तर केव्हाच घरी पोचलो असतो.”

त्याची बायको ग्वेन बाकावर बसली होती. उजवा पाय समोरच्या बॅगेवर लांब केलेला. सोमवारी सकाळी साडेसातला तिकडे घरी, ब्रिटनमध्ये, त्या पायाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होती. चौदा महिने थांबून मिळालेली तारीख. ती चुकली की पुन्हा रांगेच्या शेवटी. शनिवारी तिने फेरीबोटीचं नाव काढलं होतं.

“आणि विमान इथे टाकायचं?” लेस्टर म्हणाला होता. “फ्लाइंग क्लबातले वर्षभर हसतील.”

तिने पुन्हा विषय काढला नाही.

रविवारी अकराला ऊन पडलं. ओदीलने हवामानाचा कागद पुढे सरकवला. “आमच्याकडे लख्ख. तुमच्या बाजूला ढग आहेत, पार खालपर्यंत. पण तिकडे काय, तुम्हाला चालतात.”

लेस्टरने कागद दोनदा वाचला. मग कॉफी घेतली. मग बाहेर जाऊन इंजिनाचं तेल पाहिलं, चाकांतली हवा पाहिली आणि पुन्हा तेल पाहिलं. तेवढ्यात ग्वेन लंगडत काउंटरपाशी गेली. दोघी बायका हळू आवाजात काहीतरी बोलल्या. ग्वेनने फोन पर्समध्ये टाकला आणि ती विमानाकडे आली.

“झालं का तेल बघून?”

“झालं.”

ती चढून बसली. बॅग तिने मांडीवरच ठेवली.

“मागे टाक ना ती.”

“असू दे.”

समुद्र चकाकत होता. दहा मिनिटांनी रेडिओवर फ्रेंच नियंत्रकाने शुभेच्छा दिल्या आणि यापुढे लंडनशी बोला म्हणून सांगितलं. लंडनच्या बाईने त्याचं नाव-गाव टिपून घेतलं. खाली पाणी तेच होतं, पण आता आकाश त्याचं होतं.

समोर पाण्यापासून वरपर्यंत करडी भिंत उभी होती.

“आता चालतं ना तुला?” ग्वेनने विचारलं.

“चालतं.”

भिंत जवळ आली. लेस्टरने उपकरणांकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा उपकरणांकडे पाहिलं. मग डावा पंख खाली गेला. पाठीमागचं ऊन हळूहळू फिरत दोघांच्या तोंडावर आलं. परत जातोय, असं त्याने लंडनला कळवलं. का, ते लंडनने विचारलं नाही.

फ्रान्सचा किनारा दिसू लागला तेव्हा तो म्हणाला, “परीक्षेच्या वेळी शेजारी परीक्षक होता. एकट्याने मी ढगात कधी गेलोच नाही, ग्वेन.”

तिने मांडीवरची बॅग नीट धरली.

किनारा ओलांडताना त्याने विचारलं, “फेरी कितीची होती?”

“साडेपाचची,” ग्वेन म्हणाली. “दोन तिकिटं निघायच्या आधीच काढलीत मी.”