रोटाचे दिवस

"रोटाचे दिवस चालू आहेत ना डॉक्टरसाहेब, म्हणून गोळी बंद ठेवली," भिकुबाई समाधानाने म्हणाली.

धुळ्याचे डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "कधीपासून?"

"घरात कानबाईमाता बसली तेव्हापासून. तिच्या प्रसादाचे रोट संपेस्तोवर घरात दुसरं काही तोंडात घालायचं नाही, आमचा कुळाचार आहे. निंबाही मुकाट्याने पाळतोय."

निंबा तिचा एकुलता एक. भुसावळला केळीच्या वॅगनी भरायला गेला आणि तिथल्या छगनच्या नादाने ब्राऊन शुगरची पुडी ओढायला शिकला. नशा सुटल्यावर डॉक्टरांनी ही रोजची गोळी दिली, आणि भिकुबाईने तिचाही नेमच केला. आधी तुळशीला पाणी, मग निंबाला गोळी. सुरुवातीला तो ती गालात धरून मोरीत थुंकायचा. ते कळल्यापासून गोळी दिली की ती म्हणायची, "आ कर." जीभ उचलायला लावून बघायची, मगच चहा.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "मावशी, ही गोळी अंगात असली की पुडी चढत नाही. पण तिचा पहारा दोन-तीन दिवसांचा. तो आता उठला. आणि इतक्या महिन्यांत त्याच्या अंगाची सवयही मोडली आहे. पूर्वी पचायची तेवढीच आज ओढली, तर झोपेतच श्वास थांबेल."

वाटेत खायला पदरात बांधलेला गव्हाचा जाड रोट तसाच राहिला. एसटी दोंडाईच्याला पोचेपर्यंत ती कानबाईला एकच सांगत होती. माय, चूक मनी शे. पोऱ्याले नको धरू.

गल्लीत शिरताच शेजारची लताबाई ओट्यावरून म्हणाली, "भुसावळना छगन उना व्हता तुमना घर."

दार नुसतं लोटलेलं होतं. निंबा भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडला होता. तिने हाक मारली. तो हलला नाही. तिने त्याच्या नाकाशी बोटं धरली.

"माय, हात कितला थंड शेत तुना," निंबा डोळे न उघडता म्हणाला.

ती खाली बसली. तिने विचारलं, "छगन उना व्हता?"

"उना व्हता. पुडी लईसन."

"मंग?"

"गया. पुडी लईसन."

भिकुबाई उठली. कुळाचार गेला खड्ड्यात म्हणण्याची तिची जीभ नव्हती, पण देवघरातली गोळ्यांची डबी तिने सरळ उचलली. झाकण काढलं आणि थबकली. तिने ठेवल्या होत्या त्यापेक्षा आत गोळ्या कमी होत्या.

"या डबीले कोनी हात लावा?"

निंबा उठून बसला. मान खाली. "मी. तू पानी भराले जास, तवय मी रोज एक खाई लेस. तुना नेम मोडा मी. पाप लागी ते माले लागी."

"आजनी?"

"सकायमाच."

तिने डबी जागेवर ठेवली. पदराची गाठ सोडली, रोटाचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो खाल्ला आणि सवयीने मान वर करून तोंड उघडलं, जीभ उचलली.

तिने त्याच्या हनुवटीला हात लावून ते अलगद मिटवलं.