करुणाची सासू

"दोनशे पानं झाली तरी नुसता कंदीलच धरून उभा! हात कधी धरणार हा?" तेजलनं विचारलं आणि शालनच्या पुढच्या खोलीत हशा पिकला. पाळकबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

ईस्टरआधीच्या उपासकाळात टीव्हीवरच्या मालिका बघायच्या नाहीत, असा चर्चच्या महिला मंडळानं यंदा नेम धरला होता. मालिकांच्या जागी एक कादंबरी वाचायची ठरली. जुन्या दुष्काळातलं मिशन, तिथल्या दवाखान्यात राबणारी करुणा नावाची विधवा आणि तिच्यावर जीव जडलेला याकोब कंपाउंडर. कादंबरी कशी वाटली हे सांगायला आज सगळ्याजणी मांजर्लीला शालनकडे जमल्या होत्या.

"मला ते विहिरीवरचं पटलंच नाही," भारती म्हणाली. "मिशनच्या आवारात बाई नि माणूस असे बोलत उभे राहिले असते, तर मडमेनं घंटाच बडवली असती."

"अगं, प्रार्थनेबद्दल बोलत होते ना ते," तेजल म्हणाली.

"हो का! आमचे हेसुद्धा आधी प्रार्थनेबद्दलच बोलायचे."

शालन चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती. पाळकबाईंनी दोन पुस्तकं पुढं केली तेव्हा तिनं मुद्दाम हेच उचललं होतं. कॅम्प पाचच्या बाजारात शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या मधू साळवेनं तिला लग्नाचं सरळच विचारलं होतं. तोही एकटा, खरवईला राहणारा. "रविवारी काय ते सांगा," तो म्हणाला होता, "ईस्टरनंतरची तारीख धरता येईल." रोजचं स्तोत्र वाचून झालं की शालन डोळे मिटून विचारायची. वरून उत्तर येत नव्हतं. निदान या बायांना काय वाटतं ते तरी कळेल, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

आणि तिचं खरं भय खिडकीशी कॉटवर पाय पसरून बसलं होतं. तिची सासू, बनूबाई. एकुलता एक मुलगा मातीआड झालेला. शालनशिवाय म्हातारीला कोण होतं?

तिनं ट्रे खाली ठेवला. "शेवट कसा वाटला?" तिनं विचारलं. आवाज नको तेवढा बारीक झाला.

गोदूताईंनी बिनसाखरेचा चहा उचलला. "शेवटानंच घोळ केला. देवानं त्या बाईला सेवेसाठी मोकळं ठेवलं होतं. तिनं काय केलं? पुन्हा डोक्यावर नवरीची ओढणी घेऊन उभी राहिली. दवाखान्यातच म्हातारी झाली असती, तर पुस्तक मोठं झालं असतं."

"पुस्तक मोठं झालं असतं, गोदूताई, पण बाईचं काय?" पाळकबाई हळूच म्हणाल्या.

शालन कपांचे कान एका बाजूला वळवत राहिली.

"मी बोलू का?" कॉटवरून बनूबाईंनी विचारलं. "मला वाचता येत नसलं तरी शालननं रोज संध्याकाळी अख्खं पुस्तक वाचून दाखवलंय."

"बोला ना, आजी."

"मला एवढंच सांगा, करुणाची सासू कुठं गेली? आधी चांगली चुलीशी बसून भाकरी थापत होती. पुढं लग्न लागलं, पंगत उठली, तरी म्हातारीचा पत्ता नाही. लेखिका विसरली की काय तिला?"

"विसरली कुठं, आजी!" तेजल म्हणाली. "मेली की ती पटकीनं. अकरावं प्रकरण सगळं त्याचंच आहे."

शालनचा हात कपावर थांबला. अकरावं प्रकरण आलं त्या संध्याकाळी ते वाचायला तिची जीभच वळली नव्हती. तिनं पानं एकदम उलटली होती आणि बनूबाई डोळे मिटून नुसतं "हं" म्हणाल्या होत्या.

आता ते डोळे सुनेवर येऊन थांबले.

"मेली होय," बनूबाई म्हणाल्या. "मग माझं मत लिहून घ्या. लेखिका भित्री आहे. आधी सासूला मारली, मग सुनेचं लग्न लावलं. यात कसली आलीय हिंमत? म्हातारीला जिती ठेवायची, नवं लुगडं नेसवून पुढच्या बाकावर बसवायची, आणि मग लावायचं लग्न. तिचं काय पोट दुखणार होतं?"

भारतीनं टाळी वाजवली. गोदूताईंनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

पाळकबाईंनी शेवटची प्रार्थना केली. सलाम घालून एकेकजण पायऱ्या उतरली. शालन खाली बसून कप गोळा करू लागली. वर बघायचा तिला धीर होत नव्हता.

"तो साळवे," बनूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "दर रविवारी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो. दहादा विचारावं असं काय आहे गं माझ्या गुडघ्यांत?"

"आई..."

"त्याच्या बिल्डिंगला लिफ्ट आहे का?"

शालननं पदरानं डोळे टिपले. "आहे. पण लाइट गेली की बंद पडते म्हणतात."

"पडू दे," बनूबाई म्हणाल्या. "लाइट येईस्तोवर खाली बसू तिघं."