झाकण सैल होतं

"फक्त एक ओळ आहे," संचालक म्हणाले आणि त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "वाचा, सही करा, विषय संपला."

तिने वाचलं. 'बाटल्यांची झाकणं सैल राहिल्यामुळे पावसाच्या पाण्याचे नमुने ग्राह्य धरता येत नाहीत.' खाली तिचं नाव, हुद्दा आणि सहीसाठी मोकळी जागा.

नऊ वर्षं ती या शहरावर पडणाऱ्या पावसाचं माहेर शोधत होती. पाण्यातही हलकं आणि जड असतं. कोणतं किती ते मोजलं, की वाफ समुद्रातून उठली की झाडांच्या पानांतून, याचा माग लागतो. तिच्या मोजणीप्रमाणे इथल्या दर दहा थेंबांतले चार, आठशे किलोमीटरवरच्या एका जंगलातून वाऱ्यावर बसून येत होते. ते जंगल पुढच्या महिन्यात तोडायला घेणार होते, आणि तिचा अहवाल सोमवारी जाहीर व्हायचा होता.

"झाकणं सैल नव्हती, सर."

"मला माहीत आहे हो. पण वरून सारखे फोन येतायत. झाकण सैल राहिलं तर हलकं पाणी आधी उडून जातं आणि उरलेलं खोटं बोलतं, हे तुम्हीच विद्यार्थ्यांना शिकवता ना? मग झालं तर! तुमचं शास्त्र खोटं ठरत नाही, कुणाची बदनामी होत नाही. सापही मरतो आणि काठीही शाबूत."

"बदनामी कशी नाही? झाकणं कोण लावतं?"

संचालकांनी चष्मा पुसायला घेतला. उत्तर द्यायचं नसलं की ते चष्मा पुसत, त्यामुळे त्यांचा चष्मा कायम लख्ख असे.

झाकणं कोण लावतं हे अख्ख्या इमारतीला ठाऊक होतं. प्रयोगशाळेच्या त्या म्हाताऱ्या मदतनिसाला सगळे झाकणराव म्हणत, तेही तोंडावर, आणि त्यांना ते आवडे. पाऊस थांबला की ते गच्चीवर जात, बाटली काठोकाठ भरत, आत हवेचा एक बुडबुडा राहू देत नसत आणि झाकण असं पिळत की एकदा सवयीने त्यांनी बंद केलेला संचालकांचा डबा उघडायला पक्कड आणावी लागली होती.

"चार महिन्यांनी ते निवृत्तच होतायत," संचालक म्हणाले. "त्यांना कोण काय विचारणार? तुमच्या नोकरीच्या मुदतवाढीचा निर्णय मात्र याच आठवड्यात आहे. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटणारच ना, मॅडम?"

तिला संताप आला. आणि संताप आला म्हणून बरंही वाटलं, कारण खोलीत आल्यापासून ती नुसती घाबरलेली होती. तिने टेबलावरचा फोन उचलला.

"झाकणराव, यंदाची एक बाटली घेऊन वर या. कुठलीही चालेल."

ते आले. तिने कागद त्यांच्या हातात दिला. ओठ हलवत त्यांनी तो सावकाश वाचला, मग पुन्हा एकदा वाचला.

"म्हणजे मी लावलेली?"

"तसं लिहिलंय."

"तुम्ही लिहिलंत, मॅडम?"

"नाही. आणि मी सहीही करणार नाही." मग ती संचालकांकडे वळली. "मुदतवाढ राहू द्या, सर. अहवाल सोमवारी आहे तसाच जाईल. माझ्या नावाने."

"अहो झाकणराव, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," संचालक घाईघाईने म्हणाले. "कागदोपत्री काहीतरी कारण द्यावं लागतं, एवढंच."

झाकणरावांनी पटल्यासारखी मान डोलावली. कागद टेबलावर नीट पसरला, दुमडलेला कोपरा तळव्याने सरळ केला आणि पावसाने भरलेली बाटली त्यावर उलटी उभी केली. झाकण खाली, बूड वर.

मग त्यांनी समोरची खुर्ची ओढली. अठरा वर्षांत ते या खोलीत पहिल्यांदाच बसत होते.

"कागद भिजला की सांगा, साहेब," ते म्हणाले. "सही मी करतो."