काटा उसळतो तेव्हा

"ताई, आपली बॅटरी आपोआप चार्ज होतेय!" मी ओरडलेच. भर दुपारी बोट धक्क्याला बांधलेली, इंजिन बंद, सोलर पॅनलवर ताडपत्री, तरी मीटरचा काटा थुईथुई नाचत होता.

ताई हसली. "वेडाबाई, वायरी उलट्या जोडल्यास. वीज येत नाहीये, जातेय."

"पण कुठे? सगळं बंद आहे!"

आम्ही चढाओढीने एकेक फ्यूज उपसला. सगळे माझ्या मुठीत आले, तरी काटा थांबेना. मग लक्षात आलं, आम्ही बोललो की तो उसळतो, गप्प झालो की शून्यावर येतो.

"ताई, बोल ना अजून!"

"कोण आहे?" ताईने गमतीने विचारलं.

काटा उसळला आणि शून्यावर आला.

मग आम्ही दोघी गप्प असताना, तो पुन्हा उसळला.