दर सहा तासांनी

"वहिनी, खरं सांगा. एकही कॅप्सूल चुकली नाही?"

दवाखान्यात अभिमन डॉक्टरांनी तिसऱ्यांदा विचारलं आणि प्रेमकुंवरला रडू कोसळलं. चुकेल कशी? पाचोऱ्याच्या घरात दर सहा तासांनी गजर वाजायचा. मध्यरात्रीसुद्धा तीच उठून नऊ वर्षांच्या लेकीच्या, चंदनच्या तोंडात कॅप्सूल घालायची. पोर जन्मापासून आजारी. घाम खारट, छातीतला कफ डिंकासारखा चिकट. मुंबईच्या डॉक्टरांनी सत्तर साली या आजाराला सिस्टिक फायब्रोसिस असं नाव दिलं. नावाने कफ थोडाच सुटतो! त्यासाठी पोरीला पालथं निजवून प्रेमकुंवर रोज पाठ थोपटायची. तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि हे विचारतात चुकली का!

"मुंबईचा रिपोर्ट आलाय," डॉक्टर म्हणाले. "छातीतले जंतू आता त्या औषधाला दाद देत नाहीत. औषध अर्धवट पडलं की ते असे निर्ढावतात. माझ्याकडे एकच औषध उरलंय. तेही वाया गेलं तर मी हात टेकले."

नर्स झुंबरबाई आत आली, तिने दिवा लावला.

"दिन बुडना, डॉक्टर. पोरले पहिली कॅप्सूल आत्तेच देऊ का?"

डॉक्टरांनी मान डोलावली. झुंबरबाईने पाण्याचा पेला पुढे केला. खाटेवर बसलेल्या चंदनने ओठ घट्ट मिटले.

"घे ना बेटा," प्रेमकुंवर म्हणाली.

"संध्याकाळनंतरच्या मी घेतच नाही," चंदन पुटपुटली. "गालात धरते. तू वळलीस की थुंकून टाकते. पर्युषणापासून माझा चौविहार आहे."

चौविहार म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. जैनांच्या घरात हे व्रत नवं नव्हे. पण या पोरीने?

"अगं, आजाऱ्याला सूट असते! कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मी बरी होईपर्यंत तू धरलाय ना? रात्री पाठ थोपटताना तुझा घसा सुकतो, तरी तू पीत नाहीस. मग मी एकटी कशी पिऊ?"

दोन वर्षं प्रेमकुंवरने ते व्रत पाळलं होतं, तापातसुद्धा मोडलं नव्हतं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. अंधार पडला होता.

तिने झुंबरबाईच्या हातातला पेला घेतला आणि अर्धा घटाघटा पिऊन टाकला.

"माझा मोडला," ती चंदनला म्हणाली. "आता तू घे."