राजाच्या दारातला खिळा

न्हाव्याच्या दुकानात बाईमाणसाचं काय काम? पण काचेतून नवऱ्याची टोपी दिसली आणि ब्रोन्या दार ढकलून आत शिरली.

तिच्या कारखान्यातलं रोगण संपलं म्हणून दुपारीच सुट्टी झाली होती. टेओफिल या वेळी कत्तलखान्याच्या फाटकाशी असायला हवा होता. तिथं मुकादम बोट दाखवून माणसं निवडायचा, आणि हिवाळ्यापासून ते बोट टेओफिलच्या डोक्यावरून मागच्या तरण्या पोरांकडे जात होतं. तरी तो रोज पहाटे निघायचा, तिनं बांधून दिलेली पाव-कोबीची पुरचुंडी घेऊन. आता ती पुरचुंडी आरशाखाली पडली होती आणि तो गोट्यांच्या खेळाच्या काचबंद पेटीवर ओणवा झाला होता.

"या वहिनी," वस्तरा न थांबवता स्पिरो न्हावी म्हणाला. "तुमच्या पायगुणानं तरी राजा पडतोय का बघू. तीन आठवडे झाले, गडी पेटलाय नुसता. राजाच्या घरात गोटी पडली की दुसऱ्याच दिवशी फाटकावर उभा राहीन, तोवर नाही, असा पण केलाय त्यानं. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

अख्ख्या गल्लीला, तिला सोडून. म्हणजे तीन आठवडे हा फाटकावर गेलाच नव्हता.

टेओफिलनं मान वर केली नाही. एक सेंट फटीत सरकवला, सात गोट्या खडखडत खाली आल्या. दट्ट्या ओढून सोडला. गोटी कडेनं वर गेली, वळली आणि खिळ्यांना टकरा देत थेट मधल्या खळगीच्या, राजाच्या घराच्या, दाराशी आली. हात सुरेख होता त्याचा, हे मात्र खरं. दारातल्या खिळ्याला लागून गोटी बाजूला झाली आणि तळाला जाऊन पडली.

ब्रोन्या काचेवर वाकली. आतल्या खिळे ठोकलेल्या पाटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीची बारीक फुली होती.

बड्या लोकांच्या दिवाणखान्यातला जुना खेळ कुणीतरी छोटा करून पेटीत बसवला होता, आणि वर्षभरात शिकागोत पेटी नसलेलं दुकान शोधावं लागत होतं. ब्रोन्याचा कारखाना याच पेट्या बनवायचा. खिळे मात्र अजून बायाच ठोकायच्या, एकेक करून, आणि प्रत्येक बाई आपली खूण करून पाटी पुढे ढकलायची. फुली ब्रोन्याची. ही पाटी तिला चांगली आठवत होती. राजाच्या दारातला खिळा कलता बसला होता. उपटला तर पाटीला भोक राहतं, आणि वाया गेलेली पाटी ठोकणारीच्या माथी मारतात. म्हणून तिनं तो तसाच जाऊ दिला. कुणी रिकामटेकडा खेळेल, त्याची गोटी नाही पडली तर काय आभाळ कोसळणार आहे, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

तिनं काचेवर तळहात ठेवला.

"टेओफिल, पुरे कर," ती म्हणाली. "ती पडणार नाही. जन्मभर खेळलास तरी नाही. तो खिळा माझा आहे. वाकडा बसलाय, गोटी मावतच नाही तिथं. माझी चूक आहे."

न्हाव्याचा वस्तरा गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला.

टेओफिलनं दुसरी गोटी सोडली. ती कुठं जाते ते बघत राहिला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"तू डावखुरी. घरातली मारियामातेची तसबीर, माझी टोपी अडकवायचा खिळा, सगळे एकाच बाजूला कललेले. अकरा वर्षं बघतोय मी. पहिल्याच दिवशी ओळखला."

ब्रोन्यानं खिडकीबाहेर पाहिलं.  रस्त्यापलीकडच्या औषधांच्या दुकानात, दाराशीच, तशीच एक पेटी उभी होती. तिच्यापाशी चिटपाखरू नव्हतं.

"मग तिथं का नाही खेळत?"

टेओफिलनं पहिल्यांदा मान वर केली. दट्ट्यावरचा हात मात्र काढला नाही.

"तिथं राजा पडतो," तो म्हणाला.