विरोधाची पाळी

मी कॉलेजात नवीन लागले होते तेव्हाची गोष्ट. विज्ञान समितीच्या बैठकीत अध्यक्ष सरांनी विषय मांडला, "नवा मायक्रोस्कोप वनस्पतिशास्त्राला द्यावा."

"दरवेळी त्यांनाच का?" प्राणिशास्त्राच्या बाई कडाडल्या. "आमच्या बेडकांनी काय घोडं मारलंय?"

सगळे हसले. सरांनी बाईंची समजूत काढली, ठराव मंजूर केला आणि समाधानाने घरी गेले.

मी बाईंना हळूच विचारलं, "अहो, हा ठराव गेल्या सोमवारीच झाला होता ना?"

"त्याच्या आदल्या सोमवारीही झाला होता. सरांच्या हल्ली लक्षात राहत नाही. पुढच्या महिन्यात निवृत्त होतायत, तोवर निभावून न्यायचं." बाईंनी पर्स उचलली. "पण आता विरोध तू कर गं. माझे मुद्दे संपलेत."